एका पेशीचा संसार

ई. कोलाय नावाचा जिवाणू आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकाच्या आतड्यात असतो. बाळ जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांतच तो तिथे मुक्कामाला येतो आणि बहुधा आयुष्यभर राहतो. तिथे तो आपल्याला त्रास देत नाही. उलट अन्न आणि जागा आधीच अडवून बसल्यामुळे बाहेरून आलेल्या रोगजंतूंचा जम बसू देत नाही. तोच जिवाणू मूत्रमार्गात शिरला, तर लघवीला जळजळ होते, थंडी वाजून ताप भरतो. मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाचे सर्वांत मोठे कारण तोच आहे. त्याच्या काही उपजाती दूषित पाण्यातून पोटात गेल्या, तर जुलाबाने माणूस अंथरुणाला खिळतो. आणि १९७८ मध्ये शास्त्रज्ञांनी याच ई. कोलायमध्ये माणसाच्या इन्सुलिनचे जनुक बसवले. १९८२ मध्ये हे इन्सुलिन औषध म्हणून वापरायला परवानगी मिळाली आणि जगभरच्या मधुमेहींना त्याचा आधार झाला.

मग या जिवाणूला मित्र म्हणायचे की शत्रू? जिवाणूला माणसाशी ना मैत्री करायची असते, ना वैर. त्याला जगायचे असते आणि एकाचे दोन व्हायचे असते. त्याच्या जगण्यातून आपला लाभ होणार की हानी, हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते: तो कोणत्या जागी आहे, त्याच्याजवळ कोणती जनुके आहेत आणि आपल्या शरीराची अवस्था काय आहे. या तीन गोष्टी ध्यानात ठेवल्या, तर विरजणापासून प्लेगपर्यंत जिवाणूंचे सगळे व्यवहार समजू लागतात.

इवलासा देह

ई. कोलायची लांबी साधारण २ मायक्रोमीटर. एक मिलिमीटर लांबीच्या रेघेवर असे ५०० जिवाणू एकापुढे एक मावतात. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाहीत, म्हणून माणसाला त्यांचा पत्ताच नव्हता. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी अँटनी व्हॅन लेव्हेनहूक याने स्वतः घासून तयार केलेल्या भिंगातून १६७६ मध्ये पाण्यातले हे जीव पाहिले आणि लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले. १६८३ मध्ये त्याने दातांवरचे कीटण भिंगाखाली धरले, तर तिथेही ते वळवळताना दिसले. पण या जिवांचा रोगांशी आणि अन्न आंबण्याशी संबंध आहे, हे सिद्ध व्हायला आणखी जवळपास दोनशे वर्षे जावी लागली.

जिवाणू म्हणजे एकच पेशी. आपल्या पेशीत डीएनए केंद्रकात बंदिस्त असतो. जिवाणूला केंद्रक नसते. त्याचा डीएनए बहुधा एका कड्यासारखा असतो आणि पेशीरसातच राहतो. ई. कोलायचे हे कडे उलगडले, तर ते सुमारे दीड मिलिमीटर भरेल, म्हणजे पेशीच्या लांबीच्या सातशेपटीहून जास्त. एवढा लांब धागा पीळ आणि घड्या घालून त्या इवल्याशा देहात बसवलेला असतो. त्याशिवाय अनेक जिवाणूंजवळ डीएनएची छोटी सुटी कडी असतात. त्यांना प्लाझ्मिड म्हणतात. पेशीभोवती आवरण आणि बहुतेकांत त्याबाहेर भक्कम पेशीभित्तिका असते. ही भित्तिका पुढे औषधांच्या संदर्भात महत्त्वाची ठरणार आहे, म्हणून तिची नोंद आत्ताच करून ठेवू.

कित्येक जिवाणूंना कशाभिका असतात. त्या मुळाशी चाकाप्रमाणे फिरतात आणि जिवाणू पुढे पोहत जातो. ई. कोलाय थोडा वेळ सरळ पोहतो, मग गिरकी घेऊन दिशा बदलतो. पुढे जाताना साखरेचे प्रमाण वाढतेय असे जाणवले, तर गिरकी घेणे लांबवतो. कमी होतेय असे जाणवले, तर लवकर वळतो. मेंदू नाही, डोळे नाहीत, तरी एवढ्या साध्या नियमावर तो अन्नापर्यंत पोहोचतो.

जिवाणूंच्या खाण्यापिण्याची विविधता तर थक्क करणारी आहे. काही जिवाणू साखर खातात, काही गंधकाच्या किंवा लोहाच्या संयुगांतून ऊर्जा काढतात. नीलहरित जिवाणू सूर्यप्रकाशावर जगतात आणि ऑक्सिजन सोडतात. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन साठू लागला, तो त्यांच्यामुळेच. आपण श्वासाबरोबर आत घेतो तो वायू मुळात जिवाणूंची देणगी आहे. उलट धनुर्वाताचा जिवाणू ऑक्सिजनमध्ये वाढूच शकत नाही. म्हणून खिळा रुतून झालेली खोल, अरुंद जखम पसरट खरचटण्यापेक्षा धोक्याची असते.

वाढ आणि विश्रांती

भरपूर अन्न आणि योग्य ऊब मिळाली, तर ई. कोलाय दर २० मिनिटांनी दुभंगतो. एका तासात एकाचे आठ होतात. हाच वेग टिकला, तर दहा तासांत एका जिवाणूपासून १०७ कोटी जिवाणू तयार होतील. प्रत्यक्षात अन्न संपते, स्वतःच टाकलेले पदार्थ साठतात आणि वाढ थांबते. मात्र उन्हाळ्यात दुपारभर उघड्यावर राहिलेले दूध का नासते, हे या हिशेबातून कळते.

सगळ्यांची गती अशी नसते. क्षयाच्या जिवाणूला एकदा दुभंगायला १५ ते २० तास लागतात. म्हणून प्रयोगशाळेत तो वाढवून तपासायला काही आठवडे लागतात आणि क्षयाचे औषध महिनोन्‌महिने घ्यावे लागते. कुष्ठरोगाचा जिवाणू त्याहून संथ आहे. त्याला दुभंगायला दोन आठवड्यांच्या आसपास वेळ लागतो. संसर्ग झाल्यानंतर लक्षणे दिसायला अनेक वर्षे जातात, त्यामागे ही संथ गती आहे.

परिस्थिती प्रतिकूल झाली, की काही जिवाणू बीजाणू तयार करतात. बीजाणूत जिवाणूचा डीएनए टणक कवचाआड सुरक्षित राहतो. खाणे नाही, वाढ नाही. वर्षानुवर्षे तो तसाच पडून राहू शकतो. बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू तांदळाबरोबर घरात येतात आणि भात शिजतानाही टिकतात. भात तासन्‌तास कोमट राहिला, की ते जागे होऊन वाढू लागतात आणि उलट्या करणारे विष तयार करतात. हे विष उष्णतेला दाद देत नाही. त्यामुळे रात्रभर बाहेर राहिलेल्या भाताला सकाळी कितीही खमंग फोडणी दिली, तरी ते जात नाही. उरलेला भात पसरून लवकर निववावा आणि फ्रीजमध्ये ठेवावा, हा सल्ला यासाठीच दिला जातो. शस्त्रक्रियेची उपकरणेदेखील नुसती उकळून भागत नाही. बीजाणू मारण्यासाठी त्यांना दाबाखाली १२१ अंश सेल्सिअसची वाफ १५ मिनिटे द्यावी लागते.

समूहाचे जगणे

जिवाणू एकपेशीय असले, तरी एकाकी नसतात. पृष्ठभाग मिळाला, की ते त्याला चिकटतात, चिकट द्रव्य सोडतात आणि थरावर थर रचत वस्ती करतात. दात नीट घासले नाहीत, तर जिभेला जाणवणारा बुळबुळीत थर ही अशीच वस्ती असते. त्यातला स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स हा जिवाणू साखरेपासून आम्ल बनवतो आणि ते आम्ल दाताचे कठीण आवरण झिजवते. एकाच वेळी पोटभर गोड खाण्यापेक्षा दिवसभर थोडे थोडे गोड चघळणे दातांना जास्त घातक ठरते, कारण आम्लाचा मारा थांबतच नाही. थराच्या आतले जिवाणू औषधांनाही सहजी बळी पडत नाहीत.

अशा वस्तीत संवादही असतो. प्रत्येक जिवाणू एक रसायन बाहेर सोडत राहतो. भोवतालचे त्याचे प्रमाण ठरावीक पातळीच्या वर गेले, म्हणजे आपली संख्या पुरेशी झाली असे जिवाणूंना ‘कळते’ आणि सगळे मिळून एखादे काम सुरू करतात. काही रोगजंतू मोजके असताना शांत राहतात आणि संख्याबळ जमल्यावरच विष सोडू लागतात.

देवाणघेवाण डीएनएचीही होते. आपल्याला जनुके मिळतात ती आईवडिलांकडून. जिवाणू मात्र शेजाऱ्याकडूनही घेतो. दोन जिवाणू एकमेकांना जोडले जातात आणि एकाकडचे प्लाझ्मिड दुसऱ्याकडे उतरते. कधीकधी जिवाणूंवर हल्ला करणारे विषाणूसुद्धा एकाची जनुके दुसऱ्यात नेतात. काल निरुपद्रवी असलेला जिवाणू आज घातक होऊ शकतो, तो या वाटेने.

शेतात आणि विरजणात

तुरीचे किंवा भुईमुगाचे रोप हलक्या हाताने उपटले, तर मुळांवर गाठी दिसतात. हा रोग नव्हे. त्या गाठींत रायझोबियम गटातले जिवाणू राहतात. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो, पण कोणतीही वनस्पती तो थेट वापरू शकत नाही, कारण त्याच्या रेणूतले दोन अणू फार घट्ट बांधलेले असतात. रायझोबियमजवळ नायट्रोजिनेज नावाचे विकर आहे. ते हा बंध तोडून नायट्रोजनपासून अमोनिया बनवते आणि तो पिकाला मिळतो. बदल्यात पीक जिवाणूला साखर पुरवते. नायट्रोजिनेजला ऑक्सिजन सोसत नाही, म्हणून गाठीत आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जातीचे एक प्रथिन तयार होते आणि ते ऑक्सिजनला धरून ठेवते. गाठ कापल्यावर आतून गुलाबी दिसली, तर ती काम करते आहे असे समजावे. कडधान्यांनंतर घेतलेल्या पिकाला जमिनीचा कस वाढल्याचा अनुभव शेतकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्यामागचा कर्ता १८८८ मध्ये डच शास्त्रज्ञ मार्टिनस बायरिंक याने वेगळा काढून दाखवला. आज आपल्याकडे पेरणीपूर्वी बियाण्याला रायझोबियमचे संवर्धक चोळतात. हे चोळताना आधी बुरशीनाशक लावून घ्यावे, जिवाणू शेवटी लावावेत आणि बियाणे सावलीत सुकवावे. रसायन नंतर लावले किंवा बियाणे उन्हात टाकले, तर जिवाणू मरतात आणि खर्च वाया जातो.

घरातला जिवाणूंचा सर्वांत ओळखीचा उद्योग म्हणजे दही. विरजणात लॅक्टोबॅसिलस आणि स्ट्रेप्टोकॉकस गटांतले जिवाणू असतात. ते दुधातल्या लॅक्टोज साखरेपासून लॅक्टिक आम्ल बनवतात. आम्ल वाढले, की दुधातले केसीन हे प्रथिन गोठते आणि दही लागते. दूध फार कढत असताना विरजण लावले तर जिवाणू मरतात, फार गार असेल तर रेंगाळतात. थंडीत विरजणाचे पातेले उबेला ठेवतात ते यामुळे. वाढलेल्या आम्लामुळे दूध नासवणाऱ्या इतर अनेक जिवाणूंना तिथे वाढता येत नाही, म्हणून दही दुधापेक्षा जास्त टिकते. शिवाय लॅक्टोज बरेचसे खर्ची पडल्यामुळे ज्यांना दूध पचत नाही, त्यांपैकी अनेकांना दही-ताक चालते. इडलीचे पीठ आंबवून फुगवण्यातही जिवाणूंचाच हात असतो.

आपल्या आत

माणसाच्या शरीरात आणि शरीरावर मिळून सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात, असा २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. आपल्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी. यातले बहुतेक जिवाणू मोठ्या आतड्यात असतात आणि सगळ्यांचे मिळून वजन साधारण २०० ग्रॅम भरते. भाज्या, डाळी आणि ज्वारी-बाजरीतला जो तंतुमय भाग आपल्याला पचत नाही, तो हे जिवाणू आंबवतात. त्यातून ब्युटिरेटसारखी लहान मेदाम्ले तयार होतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचे ते मुख्य इंधन आहे. रक्त गोठण्यासाठी लागणाऱ्या के जीवनसत्त्वाचा काही भागही हे जिवाणू बनवतात.

आईच्या दुधात काही जटिल शर्करा भरपूर असतात आणि बाळाला त्या पचवता येत नाहीत. त्या मग कशासाठी? त्या बायफिडोबॅक्टेरियम या जिवाणूंचे अन्न आहेत. म्हणजे आईचे दूध बाळाबरोबर त्याच्या आतड्यातल्या जिवाणूंनाही पोसते, आणि ते जिवाणू बाळाच्या आतड्याचे रोगजंतूंपासून रक्षण करतात. लाखो वर्षांच्या सहवासात माणूस आणि जिवाणू एकमेकांत किती गुंतले आहेत, याचा याहून सुंदर पुरावा मला माहीत नाही.

ही वस्ती विस्कटली तर काय होते, हेही वैद्यकशास्त्राने पाहिले आहे. प्रतिजैविकांच्या जोरदार माऱ्यानंतर आतड्यातले नेहमीचे रहिवासी मरतात आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल हा जिवाणू माजतो. त्याने होणारे जुलाब वृद्धांच्या जिवावर बेतू शकतात. हा आजार वारंवार उलटला, तर निरोगी माणसाच्या विष्ठेतले जिवाणू रुग्णाच्या आतड्यात सोडण्याचा उपचार करतात आणि तो बहुतेक वेळा यशस्वी होतो.

अपाय होतो तो कसा

कॉलरा, म्हणजे आपली जुनी पटकी, ज्याच्यामुळे होते तो व्हिब्रियो जिवाणू मुळात खाडीच्या मचूळ पाण्यातला रहिवासी. तिथे तो सूक्ष्म जलचरांना चिकटून राहतो. त्यातल्या घातक प्रकारांना विष बनवण्याचे जनुक एका विषाणूकडून मिळालेले आहे. हे विष आतड्यात स्वतःच काम करते, हे कोलकात्याच्या शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवून दिले. विषामुळे आतड्याच्या पेशी क्षार बाहेर टाकत राहतात आणि त्यामागून पाणी वाहते. तीव्र आजारात तासाला लिटरभर पाणी जाऊ शकते. रुग्ण दगावतो तो या शोषाने. जिवाणूच्या दृष्टीने मात्र त्या पाण्याबरोबर तो पुन्हा नदी-तळ्यात आणि पुढच्या माणसात पोहोचतो.

या रोगाची यंत्रणा समजल्यावर तिच्यावर मात करता आली. आतड्यात साखर आणि मीठ एकत्र असले, की दोन्ही शोषले जातात आणि बरोबर पाणीही आत घेतात. कॉलऱ्याच्या विषाने ही वाट बंद होत नाही. १९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजायला सुरुवात केली. सुमारे ३० टक्क्यांवर असलेले मृत्यूंचे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे प्रमाण प्रत्येक घरात पाठ असावे.

दुसरे उदाहरण प्लेगचे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. या रोगाचा जिवाणू त्याआधी दोनच वर्षे हाँगकाँगमध्ये सापडला होता. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्याशा जागेत मेलेल्या जिवाणूंपासून लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. पुढे परळला त्यांच्या प्रयोगशाळेची संस्था झाली, तीच आजची हाफकिन संस्था. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

उंदीर पडू लागले, की लोक घरे सोडून रानात झोपड्या घालत. हे शहाणपण अनुभवातून आलेले होते. त्याचे कारण १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने शोधले: उंदीर मेला, की त्याच्या अंगावरच्या पिसवा दुसरे रक्त शोधत निघतात. पिसवेच्या पोटात हा जिवाणू चिकट थर करून अन्नाची वाट बुजवतो. भुकेलेली पिसू पुन्हा पुन्हा चावते आणि प्रत्येक चाव्याबरोबर जिवाणू माणसाच्या रक्तात उतरतात. प्लेगच्या जिवाणूचा पूर्वज आतड्यात राहून सौम्य आजार करणारा होता. काही हजार वर्षांपूर्वी मोजकी जनुके नव्याने मिळाली, काही निकामी झाली आणि त्यातून एवढी भयंकर साथ करणारा जीव घडला.

औषधांची शक्ती आणि मर्यादा

१९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिन सापडले. जिवाणू वाढताना आपली भित्तिका बांधत असतो. पेनिसिलिन हे बांधकाम बंद पाडते आणि जिवाणू फुटतो. आपल्या पेशींना भित्तिकाच नाही, म्हणून त्या सुरक्षित राहतात. सर्दी आणि फ्ल्यू विषाणूंमुळे होतात. विषाणूंनाही भित्तिका नसते. इतर प्रतिजैविके जिवाणूंच्या ज्या यंत्रणांवर घाव घालतात, त्याही विषाणूंजवळ नसतात. त्यामुळे सर्दीवर प्रतिजैविक घेण्याने सर्दी बरी होत नाही, आतड्यातल्या जिवाणूंचे मात्र नुकसान होते. स्वतंत्र भारताने पेनिसिलिन स्वतः बनवायचे ठरवले आणि १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली.

फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच बजावले होते, की अपुऱ्या मात्रेने जिवाणू मरणार नाहीत, ते औषधाला सरावतील. तसेच झाले. कोट्यवधी जिवाणूंत एखाद्याजवळ पेनिसिलिन तोडणारे विकर असते. औषधाने बाकीचे मेले, की मोकळ्या झालेल्या जागेत तो एकटा वाढतो आणि त्याचे प्लाझ्मिड शेजाऱ्यांनाही मिळते. माणसांच्या औषधांबरोबर कोंबड्या आणि जनावरांना सरसकट दिलेली प्रतिजैविकेही याला हातभार लावतात. २०१९ या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे थेट दगावली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. नवी प्रतिजैविके मात्र फार थोडी येत आहेत.

म्हणून वाचकांना कळकळीची विनंती आहे. गोळ्यांच्या पाकिटावर लाल रेघ असेल, तर ती गोळी डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय घेऊ नका. घरात उरलेली गोळी शेजाऱ्याला देऊ नका. डॉक्टरांनी ठरवलेली मुदत मनाने कमी-जास्त करू नका. क्षयाच्या बाबतीत तर मुळीच नाही. पाणी शुद्ध ठेवा, शौचानंतर आणि जेवणाआधी साबणाने हात धुवा, मुलांच्या लसी वेळेवर द्या. जिवाणू पृथ्वीवर साडेतीनशे कोटी वर्षांपासून आहेत आणि आपल्यानंतरही राहतील. त्यांना नाहीसे करणे आपल्याला शक्य नाही आणि आपल्या हिताचेही नाही. त्यांना योग्य जागी ठेवणे मात्र आपल्या हातात आहे, आणि सार्वजनिक आरोग्याचे बरेचसे काम तेवढेच आहे.